पुढं केलेला हात

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीला वर्गावर होते. आदल्याच रविवारी वसमतला तिच्याजवळ होते, आणि तोच रविवार मन खातो. मार्था आत्यानंच मला वाढवलं, शिकवलं. घरातली पहिली पदवीधर मी, हे ती गल्लीभर सांगायची. दम लागत होता तरी त्या सकाळी ती लुगडं बदलून बसली होती. "रिक्षा बोलाव गं, चर्चला जाऊन येऊ." मी म्हटलं, "आत्या, चर्चच इथं आणते की," आणि एका मोठ्या शहरातल्या चर्चची उपासना मोबाइलवर लावून तिच्या उशाशी ठेवली. स्वतःवर खूश होऊन स्वयंपाकघरात गेले. मध्येच उपासना चालवणारे मोबाइलमधले पाळक म्हणाले, शेजाऱ्याला हात देऊन शांतीचा सलाम करा. दारातून पाहिलं, तर आत्यानं खाटेवरून हात पुढं केलेला... खोलीत कोणी नव्हतं. माझे हात कणकेचे होते. धुऊन जावं, एवढंही सुचलं नाही. तिनं हात हळूच गोधडीत घेतला.

पदवी मिळाल्यापासून मी चर्चला जाणं सोडलं होतं. प्रवचन तेच ते वाटायचं, वर बायकांच्या कुरबुरी. "बायबल मला घरी वाचता येतं," असं ऐटीत सांगायचे. आत्या हसायची. "तुला काय, मॅडम, येतंच की वाचता. पण घरी एकटी बसून माफ कोणाला करशील? माझ्यासंगं तर तुझं भांडणबी न्हाई."

हे ती अनुभवानं बोलायची. मी शाळेत असताना शेजारच्या विमलमावशीशी तिचा नळावरून अबोला होता. आमच्याकडं प्रभुभोजनाआधी, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर वाटण्याआधी, एक रीत आहे. ज्याच्याशी बिनसलं असेल त्याच्यापुढं जाऊन सलाम करायचा, मगच भाकर घ्यायची. दोघी कितीदा तरी भाकर न घेताच उठून गेल्या. एका रविवारी मात्र आत्या भर उपासनेत सतरंजी ओलांडून तिच्यापुढं उभी राहिली. "विमल, सलाम कर बाई. तुझ्यापायी मी उपाशी राहून राहिले." सगळं चर्च हसलं, विमलमावशी रडली. घरी आल्यावर आत्या म्हणाली, "दर रविवारी तिचं तोंड दिसायचं म्हणून जमलं गं. न्हाई तर मरेपर्यंत ताठच राहिले असते." तेव्हा मला त्याची गंमत वाटली. बायबल मी अनेकदा वाचलं, पण कोणापुढं अशी उभी राहिले नाही...

ती गेल्यानंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाला मी गेले. पाळकसाहेबांनी सलामासाठी उठायला सांगितलं. सगळे उठले, मीही उठले, आणि जायचं कुणाकडं ते कळेना. विमलमावशी जवळ आली तेव्हा त्या हाताचं सगळं तिला सांगून टाकलं. वाटलं, म्हणेल, जाऊ दे पोरी. तसं ती म्हणाली नाही. "लई लागलं असंल मार्थाला," म्हणाली. मग माझा हात धरून, "दर रविवारी येत जा. एका दिवसात फिटायचं न्हाई हे."

आता शनिवारीच वसमतला येते. भाकरीचं ताट आलं की अजून न घेताच पुढं सरकवते, पण रविवार चुकवत नाही. खिडकीखाली आत्याची जागा आहे. कितीही दाटी झाली तरी बायका ती मोकळी ठेवतात. मी तिच्या शेजारी बसते.