कान मिरजेला पाठवता येत नाहीत

नव्वदीच्या दशकात आमच्या घरातली पेटी बिघडली. म्हणजे, बिघडली असं मी ठरवलं. वरच्या सप्तकातली पट्टी दाबली की पूर्वी टोकदार, स्वच्छ सूर यायचा. आता कुणीतरी त्यावर गोधडी टाकल्यासारखा दबका यायला लागला. मी आधी उंदरांना दोष दिला. मग पावसाळी हवेला. मग नवऱ्याला, कारण तो पेटीवर चहाचा कप ठेवून पेपर वाचायचा. शेवटी पेटी जुन्या लुगड्यात गुंडाळून मिरजेला पाठवली. वाद्यांचं दुखणं आमच्याकडं मिरजेलाच बरं होतं. पेटी परत आली ती तशीच. पुन्हा पाठवली. या खेपेला कारागिराचा निरोप आला, "बाईंना म्हणावं, वरचे सगळे सूर नवे बसवलेत, आता काळजी नको." बसवलं बिसवलं काही नव्हतं. नुसता भाता पुसून पाठवला असणार. मास्तरणीशी वाद कोण घालतो?

तेव्हाची मी काय वर्णावी! चाळिशी ओलांडलेली, कडक इस्त्रीची सुती साडी, अंबाड्यावर अबोलीचा गजरा, आणि मान अशी ताठ की रस्त्यात ओळखीचं कुणी दिसलं तरी समोरच्यानंच आधी नमस्कार करावा. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवायचे आणि सकाळची प्रार्थना पेटीवर घ्यायचे. 'बाईंचा कान फार तयार आहे,' असं कुणीतरी एका स्नेहसंमेलनात बोलून गेलं होतं. त्या एका वाक्यावर मी कित्येक वर्षं जगले. प्रार्थनेत कुणाचा सूर घसरला की मी पेटी थांबवून रांगेकडं रोखून बघायचे. खरं सांगू? निम्म्या वेळा अंदाजपंचे बघायचे. कुणीतरी एक पोरगी घाबरून खाली बघायचीच. मग तीच बेसूर.

ती पेटी माझ्या वडिलांची. ते गायन पार्टीत पेटी वाजवायचे. एप्रिल उजाडला की जयंतीच्या कार्यक्रमांना बैलगाडीतून, ट्रकच्या हौद्यातून ती पेटी हातकणंगल्यापासून शिरोळपर्यंत गावोगाव हिंडायची. वडिलांनी मला शिकवलं. मी पुढं रीतसर परीक्षा दिल्या आणि माझ्या मुलीला शिकवायला घेतलं. पहाटे रियाझ, मग शाळा. तिचा गळा आम्हा दोघांच्याही पुढचा होता. हे मी तिला कधी सांगितलं नाही. मास्तरीण ना मी! कौतुक केलं की पोरं बिघडतात, या मतावर माझा पेटीपेक्षा जास्त जीव होता.

माझे कान चाललेत हे इतके दिवस कुणाच्या ध्यानात आलं नाही, माझ्यासुद्धा, याचं श्रेय कोल्हापूरला. पुण्यात असते तर आठवड्यात पकडले गेले असते. तिथं म्हणे लोक हळू बोलतात. आमच्याकडं शेजारीण वाटीभर साखर मागते ते चौकातल्या पानवाल्यालाही कळतं. वर्गातल्या मुली "बाई, मी पाणी प्यायला जातो!" असं ओरडून सांगायच्या, आणि मी "जातो नव्हे, जाते" असं त्यांच्याहून मोठ्यानं ओरडायचे. घरी नवरा. दूध संघात नोकरी, मूळचा हातकणंगल्याकडच्या खेड्यातला, ओढ्यापलीकडच्या म्हशीला हाका मारून मोठा झालेला. सकाळचा पेपर तो गल्लीला ऐकवल्यासारखा वाचायचा. भूकंप, अणुचाचणी, दिल्लीतलं पडलेलं सरकार, सगळं मला स्वयंपाकघरात बसून फुकट कळायचं. देवाच्या मूर्ती दूध पिऊ लागल्याची आवई उठली, त्या दिवशी तर हा दूध संघातला माणूस पेपर आपटून म्हणाला, "बघा! हितं माणसास्नी पुरंना, आन् आता ह्यास्नीबी रतीब घाला म्हणं!"

अशा घरात बहिरं व्हायला फार मेहनत लागते.

एका रविवारी मी कुकर लावून पेपर तपासत बसले होते. मुलगी आतून पळत आली. तिनं गॅस बंद केला. डाळ खाली लागून काळी झाली होती.

"आई, किती शिट्ट्या झाल्या!"

"एकही झाली नाही. मी इथंच बसलेय. कुकरच बिघडलाय."

नवऱ्यानं पेपर खाली केला. "पेटी बिघडली. कुकर बिघडला. आता कुकरबी मिरजंला धाडतीस व्हय?"

मी हसले. मुलगी हसली नाही. ती बापाकडं बघत होती, आणि बाप माझ्याकडं. त्या दोघांचं आपसात आधीच बोलणं झालेलं होतं, हे मला त्या क्षणी दिसलं.

कानाच्या तपासणीला गेलो तर काचेच्या पेटीत बसवणारी मुलगी माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. कोल्हापुरात हे असंच. भाजीवाली, कंडक्टरची बायको, नर्स, सगळ्या कधीतरी माझ्यासमोर बाकावर उभ्या राहिलेल्या. तिनं माझ्या कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. "बाई, आवाज आला की दाबायचं. बस्स."

ती काचेपलीकडं यंत्रासमोर बसली. सुरुवातीचे जाड, घुमणारे आवाज आले. दाबलं. मग काही येईना. पण तिचा हात हलताना दिसत होता. हात हलला की मी बटण दाबायचे. आयुष्यभर मी कॉपी करणाऱ्या मुली पकडल्या. कुणाची मान किती वळते, डोळा कुठून कुठं जातो, सगळं मला पाठ. आणि स्वतः परीक्षेला बसले तर पहिल्याच पेपरात कॉपी! तीही अशी झकास जमली होती की मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी मार्क घेऊन बसले.

ती उठून आत आली. एका कानावरचा हेडफोन सारून, अगदी कानाशी वाकून म्हणाली, "बाई, आत्ता मी नुसता हात हलवला. वाजवलं काहीच न्हवतं."

मी बटणावरचा अंगठा उचलला.

"वळा बाई. भिंतीकडं तोंड करा. शाळंत मला असंच बसवायचा की तुम्ही." तिचे डोळे भरले होते, म्हणून तिनं ते हसून सांगितलं.

मी भिंतीकडं तोंड करून बसले. बटणावर अंगठा ठेवून. भिंतीला पिवळा रंग होता, कोपऱ्यात पोपडा आला होता. मी वाट बघत राहिले. म्हटलं, यंत्र जुळवत असेल. फोन आला असेल तिला. बराच वेळ गेला. मग तिनं मागून येऊन हेडफोन काढले.

"झालं, बाई."

"अगं, सुरू कधी केलंस?"

डॉक्टरांनी नवऱ्याला समजावून सांगितलं, मला ऐकू जाणार नाही असं धरून. आतली नस वाळत चालली आहे. वरचे आवाज आधी जातात, मग खालचे. औषध नाही. यंत्र लावा, बोलणं कळेल. गाण्याचं मात्र सांगता येत नाही. मी ते यंत्र अंबाड्याखाली लपवून घरी येऊन पेटीवर बोट ठेवलं. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवल्यासारखं काहीतरी वाजलं. यंत्र काढलं, पेटी मिटली, आणि पोळ्यांची कणीक मळायला बसले. पोळ्या चांगल्या झाल्या, हे आठवतं. मला त्याचाच राग आला होता.

त्याच वर्षी पुण्यातल्या एका गायिका बाईंनी मुलीचं गाणं ऐकून निरोप पाठवला, ही माझ्याकडं राहायला येऊ दे. मी जे शिकवू शकत नव्हते ते त्यांच्याकडं होतं. आणि माझ्याकडं काय होतं? खालच्या पट्टीतली उरलेली थोडी वर्षं. आज तिचा आवाज कोवळा, पिकायला वेळ लागणार. माझे कान पिकलेले, गळून पडायला वेळ लागणार नाही. शाळेतल्या गणितासारखं होतं, दोन गाड्या दोन टोकांकडून निघालेल्या. मराठीची बाई असले तरी एवढं गणित मला येत होतं.

"मी जाणार नाही," मुलगी म्हणाली. "मी शिकून येईपर्यंत तुला ऐकू यायचं बंद झालं तर?"

"तर बरंच की. तुझ्या चुका ऐकायच्या राहतील."

"आई, मस्करी नको."

"मस्करी नाही. सामान भर."

नवरा मला आत घेऊन गेला. म्हणाला, "ऱ्हाऊ दे की तिला वरीसभर. तुला तेवढंच ऐकाय मिळंल." त्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मुलगी आलाप घ्यायला लागली की हा म्हशीच्या पेंडीचा हिशोब आठवायचा. तो माणूस मला गाणं ऐकायला मिळावं म्हणून पोरीचं पुणं लांबवायला निघाला होता. मी म्हटलं, "अहो, वर्षभर ऐकीन. मग?" तो माळ्यावरची ट्रंक काढायला गेला. एसटी स्टँडवर बस हलली तेव्हा ती खिडकीतून काहीतरी ओरडली. नवऱ्याला विचारलं, काय म्हणाली? म्हणाला, "इंजनाच्या आवाजात मलाबी न्हाय कळलं." एवढं खोटं बोलणं त्याच्या अंगावर शोभत नव्हतं, पण मी चालवून घेतलं.

मग वरून एकेक जात राहिलं. पैंजण गेले. चिमण्या गेल्या. मुलींच्या बोलण्यातले 'स' आणि 'श' गेले. प्रार्थनेला मी पेटी दुसऱ्या बाईंकडं सोपवली, बोटं आखडतात असं सांगून. रविवारी पुण्याचा फोन यायचा. सुरुवातीला ती फोनवर दोन आलाप घ्यायची, मी रिसीव्हर कानात घुसवून ऐकायचे आणि पुस्तकी शेरे मारायचे. पुढं पुढं रिसीव्हर नवऱ्याच्या कानाला असायचा आणि मी त्याच्या तोंडाकडं बघायचे. "गातीया," तो सांगायचा. "अजून गातीया." ती सुट्टीला आली की मी तिला म्हणायचे, खालच्या पट्टीत म्हण. ती म्हणायची. पुढच्या सुट्टीला आणखी खाली. शेवटी तिचा आवाज तिथं पोहोचेना आणि माझे कान वर येईनात.

मोठा महापूर आला त्या साली माझ्या शाळेत शिरोळकडची पूरग्रस्त कुटुंबं उतरली होती. आधीच इंग्रजी शाळांनी आमचे वर्ग अर्धे केलेले. त्या पावसात ते पुन्हा गच्च भरले. पोरं, गाठोडी, शेळ्या. किती गलका असेल! मी भाकरीची टोपली घेऊन त्यातून शांत तळ्यावरून चालल्यासारखी चालत होते. एका बाकावर एक तरुण बाई तान्ह्याला मांडीवर हलवत होती, ओठ हलत होते, आणि पोर झोपत चाललं होतं. मी टोपली खाली ठेवून तिच्यासमोर उभी राहिले. ती ओशाळली आणि गायची थांबली. मी हातानं खुणावलं, म्हण, म्हण. ती म्हणत राहिली, मी बघत राहिले.

त्याच हिवाळ्यात मुलीचा कोल्हापुरात पहिला मोठा कार्यक्रम झाला. आम्ही दोघं पहिल्या रांगेत. मी तिचा घसा बघत होते, मानेवरची शीर बघत होते. वर गेली की शीर फुगायची. मागं वळून लोकांचे चेहरेही बघितले. नवरा एकदा माझ्याकडं तोंड करून, ओठांवरून मला कळलं तसं, नेहमीच्या पूर्ण आवाजात म्हणाला, "आता लई वर गेलीया!" आजूबाजूच्या सगळ्यांनी त्याला गप्प केलं असावं, कारण तो एकदम अंग चोरून बसला. मग त्यानं रुमाल काढला. ज्याला गाणं कळत नाही तो रडतोय आणि जिनं शिकवलं ती कोरडी, असा आमचा संसार पहिल्या रांगेत बसला होता.

कार्यक्रम संपल्यावर लोक मला भेटायला आले. हात जोडत, मान डोलावत. 'बाई, तुमचीच शिकवण,' असं म्हणत असावेत. मी ताठ मानेनं सगळं स्वीकारलं. मग मुलगी आली. माझ्याशी ती ओठ दिसतील असं, सावकाश बोलते.

"आई, कसं झालं?"

रियाझानंतर लहानपणापासून विचारायची तसं ती सहज विचारून गेली. विचारल्यावर तिच्या लक्षात आलं. तिचा चेहरा मला बघवेना.

"साडीचा रंग चुकला," मी म्हणाले.

ती हसली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून तशीच राहिली. तिचं अंग हलत होतं. हसण्यानं की कशानं, ते बघायला मी मान वळवली नाही.

आता लोक सांगतात, तिचा आवाज भरदार झालाय, त्याला वय आलंय. असेल. मी तो ऐकलेला नाही. डोळे मिटले की मला ऐकू येते ती पुण्याला जाण्याआधीची, सर्दीनं नाक चोंदलेली, पहाटे जांभया देत गाणारी पोर. नातीला मी तिच्या आईच्या गाण्याबद्दल सांगते, कच्चं आहे गं अजून, पण गोड आहे. नात कपाळावर हात मारते आणि मोठ्या अक्षरात लिहून दाखवते, 'आजी, आईला चष्मा लागलाय!'

चष्मा मला दिसतो की. गाणं मात्र अजून दोन वेण्यांतलंच आहे.