वॉल्टरसाठी भरलेली हलकी काडतुसं

मंडळी, शेजारच्या वॉल्टरची मोठ्या नळीची रायफल म्हणजे बार काढला की खांद्यावर गाढवाची लाथ. खांद्याच्या ऑपरेशननंतर त्यांनी माझ्यासोबत नेमबाजीच्या रेंजवर येणंच सोडलं. म्हणून मी पुस्तकं वाचून, काट्यावर बंदुकीची दारू तोलून, त्यांच्यासाठी कमी धक्क्याची काडतुसं घरी भरली.

आज सकाळी काडतुसांची डबी घेऊन गेलो, तर त्यांची मुलगी त्यांना कायमचं ॲरिझोनाला न्यायला आलेली. वॉल्टर माझ्या हाती रायफल देत म्हणाले, "तूच उडव. खांदा निखळला तर दोष भरणाऱ्याचा!"

दुपारी रेंजवर एकटाच गेलो. बार काढला, तर धक्का अगदी पाठीवर थोपटल्यासारखा. "बघा, वॉल्टर!" म्हणत वळलो. ते बसायचे त्या बाकावर कुणीच नव्हतं.

तेव्हापासून फोन हातात घेऊन बसलोय. काडतुसं जमली हे कळून त्यांना आनंद होईल, की जिवाला चटका लागेल? माझ्या जागी तुम्ही असता तर सांगितलं असतं?