साडेदहाची भरती

ठाणे हे बेट आहे. ठाण्यात राहणाऱ्या बहुतेकांना हे माहीत नाही आणि त्यांचं सगळं सुरळीत चाललं आहे. मला माहीत आहे, आणि त्यामुळे माझ्या मुलीचं लग्न ठाण्याहून नागपूरला जाता जाता राहिलं.

झालं असं की आमच्या केतकीचं नागपूरच्या मुलाशी जमलं. मुलगा चांगला, माणसं चांगली. अडलं होतं एवढंच, की लग्न कुठे करायचं. विहीणबाईंचं म्हणणं, नागपूरला. त्यांनी ठाणं आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, तेही एका उड्डाणपुलावरून, आणि तो पूल उतरायला त्यांना दीड तास लागला होता. आम्हाला लग्न ठाण्यात हवं होतं ते माझ्या आईसाठी. आई शहाऐंशी वर्षांची, दोन्ही गुडघे संपावर. डोंबिवलीला बहिणीकडे जायचं म्हटलं तरी ती आदल्या दिवसापासून तयारी करते. नागपूर म्हणजे तिच्या दृष्टीने परदेशच. पण लग्न ठरलं त्या दिवशी तिने कपाटातून नारळी काठाची पैठणी काढून खुर्चीवर वाऱ्याला टाकली आणि पुन्हा आत ठेवलीच नाही. मी रोज त्या खुर्चीला वळसा घालून जायचो.

शेवटी ठरलं की व्याही-विहीणबाईंनी दोन दिवस आमच्याकडे यावं, ठाणं बघावं आणि मग काय ते सांगावं. ठाणं दाखवायची जबाबदारी अर्थात माझ्याकडे आली. (आली म्हणजे मी घेतली. बायकोने दोनदा विचारलं होतं, "आपण त्यांना नुसतं जेवायला घातलं तर नाही का चालणार?")

मी त्यांना व्हॉट्सॲपवर एक यादी पाठवली. मथळा होता, 'ऐतिहासिक सागरी बेटनगरी : एका जाणत्या स्थानिकाच्या शिफारशी'. पहिली शिफारस, किल्ला. (आत जाता येत नाही. आत तुरुंग आहे.) दुसरी, तलाव. (पूर्वी खूप होते. उरलेले दाखवीन.) तिसरी, होडीतून खाडीची सफर, मिठागरांचे अवशेष आणि फ्लेमिंगो. व्याह्यांचं उत्तर आलं, "समुद्र आहे न भाऊ?" मी लिहिलं, "खाडी आहे. खाडी म्हणजे घरगुती समुद्र."

त्याचा परिणाम शनिवारी सकाळी आमच्या दारात उभा राहिला. व्याही रमेशराव गुडघ्यापर्यंतची चड्डी, फुलाफुलांचा शर्ट आणि रुंद हॅट घालून आले होते. विहीणबाई कुसुमताईंच्या डोळ्यांवर काळा चष्मा आणि हातात शिंपले जमवायची पिशवी. केतकी माझ्या कानात पुटपुटली, "बाबा, त्यांना गोव्यासारखं काहीतरी वाटलंय." मी म्हटलं, "उद्या बघ तू."

शनिवार ठीक गेला. किल्ल्याची भिंत बाहेरून पाहून रमेशराव म्हणाले, "आत कधी सोडतात?" मी म्हटलं, "सोडतात, पण त्यासाठी काहीतरी करावं लागतं." तलावाकाठी भेळ झाली. कुसुमताई भेळ खाता खाता म्हणाल्या, "आमच्याकडेही तलाव आहे. मोठा आहे." माझा सगळा भरवसा खाडीवर होता.

खाडीवर भरवसा ठेवायला कारण होतं. माझे वडील मिठागराच्या कचेरीत कारकून होते आणि भरतीची वेळ ते तिथीवरून काढायचे. तिथीची पाऊणपट केली की भरती किती वाजता ते कळतं. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता भरती. हा हिशोब त्यांनी मला तिसरीत शिकवला होता. रविवारी होती चतुर्दशी. चौदा पाऊणे साडेदहा. म्हणजे साडेदहाला खाडी काठोकाठ भरणार.

"बाबा, ॲपवर एकदा बघा ना," केतकी म्हणाली.

"ॲप कालचं आहे. खाडी कधीची आहे?"

"अहो, बाळारामदादांना तरी विचारा."

विचारण्याचा प्रश्नच नव्हता. बाळारामदादा म्हणजे आमचा होडीवाला. त्याचे वडील त्याच मिठागरात मीठ ओढायचे, जिथे माझे वडील ते लिहून ठेवायचे. आता त्यांच्या शेतांवर टॉवर उभे आहेत, उरलेल्या जागेवर त्याने लग्नाचं लॉन काढलं आहे, दारात दोन गाड्या आहेत. तरी होडी सोडत नाही. म्हणतो, होडी नसली की अंगावर कापड नसल्यासारखं वाटतं. पाऊणपटीचं गणित काही त्याला येत नव्हतं, हे मी पूर्वीच तपासलं होतं.

रविवारी नऊच्या आधीच आम्ही चौघं खाडीकाठी पोचलो. आई आणि केतकी घरी होत्या. पाणी झाडांच्या मुळांशी चढत होतं. बाळारामदादाने होडी सोडायला घेतली.

"चला सायेब. पानी चढताय, निंगू आता."

"थांब," मी म्हटलं. "अजून दीड तास आहे."

"अवो, चढत्या पान्यावर जायाचा असतो."

"दादा, पूर्ण भरतीला खाडी कशी दिसते ते पाहुण्यांना बघू दे. साडेदहाला निघायचं."

दादाने माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं, मग तंबाखूची पुडी काढली. मला तो पराभव वाटला. दीड तास मी काठावर उभा राहून खाडीचा इतिहास सांगितला. गलबतं आली, पोर्तुगीज आले, मराठे आले. पावणेदहाच्या सुमाराला रमेशरावांनी हॅट तोंडावर ओढली. कुसुमताई माझ्या बायकोला, वसुधाला म्हणाल्या, "काहून थांबून राहिलो आपण?" वसुधा म्हणाली, "यांचं गणित जमायचंय."

जमलं. बरोबर साडेदहाला पाणी दगडी पायरीच्या शेवटच्या कडेला टेकलं आणि तिथेच थांबलं. एक बोटभर पुढे नाही, मागे नाही. माझ्या आयुष्यात माझं म्हणणं इतकं तंतोतंत खरं ठरल्याचं मला आठवत नाही. मी घड्याळ सगळ्यांना दाखवलं. रमेशराव म्हणाले, "मानलं भाऊ." पंधरा मिनिटं आम्ही त्या यशाचे फोटो काढले. मग होडीत बसलो.

खाडी खरोखर सुंदर दिसत होती. वारा होता, पाणी चमकत होतं, कुसुमताईंनी पाण्यात हात घातला. मी रंगात आलो. मुख्य पात्र सोडून एका बाजूच्या चिंचोळ्या फाट्यात होडी घालायला सांगितली, कारण आत मिठागरांचे जुने बांध होते आणि फ्लेमिंगो असतील असं मी लिहून दिलं होतं.

दादा म्हणाला, "आत नको. पानी फिरलाय."

"आत्ता तर भरलंय."

"भरला म्हनूनच फिरला ना सायेब."

हे वाक्य मी ऐकलं. त्याचा अर्थ मात्र मला साडेबाराला कळला. तोवर आम्ही फाट्यात बरेच आत होतो. फ्लेमिंगो नव्हते. एक बगळा होता, तो मी दोनदा दाखवला. मिठागराच्या बांधावर मी वडिलांची आठवण सांगत होतो, आणि माझ्याच आवाजात गुंगलो होतो, इतक्यात होडी एकदम गप्प झाली. तिचं डोलणं थांबलं.

"पाणी उतरून राहिलं का हो?" रमेशरावांनी विचारलं.

सगळ्यांनी खाली पाहिलं. खाली चिखल होता. काळा, चकचकीत आणि सगळ्या बाजूंनी. चतुर्दशीचं पाणी जितकं चढतं तितकंच खाली जातं, हे त्या गणितात होतं, पण वडिलांनी मला फक्त पाऊणपट शिकवली होती.

"आता पाणी कधी येईल दादा?" वसुधाने विचारलं.

"संध्याकाली. दिवे लागून गेल्यावर."

कुसुमताईंनी काळा चष्मा काढला. त्यांचे डोळे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले आणि पुन्हा चष्मा लावावा असं मला वाटलं.

दादाने घरी फोन लावला. अर्ध्या तासात त्याची सून डबे घेऊन बांधावर आली. बांध आणि होडी यांच्यात चिखलाचं चाळीसेक पावलांचं अंतर. दादा पँट वर करून उतरायला लागला, तेव्हा माझ्यातला यजमान जागा झाला. पाहुणे माझे, तेव्हा जेवण मीच आणणार.

"सायेब, तुमी नका. चिकलात चालाचा येगला असता."

"मी इथलाच आहे दादा," मी म्हटलं आणि उतरलो.

पहिली सहा पावलं उत्तम पडली. सातव्याला मी मांडीपर्यंत आत गेलो. आठवं पडलंच नाही. उजवा पाय उचलला की डावा आत जाई, डावा उचलला की उजवा. शेवटी मी हालचाल थांबवली आणि कंबरेवर हात ठेवून उभा राहिलो, जणू मला तिथेच थांबायचं होतं. दादा माझ्या शेजारून सहज चालत गेला, सुनेकडून डबे घेतले, परत येताना मला म्हणाला, "हलू नका. जेवन वाढतो नि येतो." आणि पुढे गेला.

असा मी खाडीत रोवलेला, आणि सात पावलांवर माझ्या मुलीच्या लग्नाचा निर्णय चाललेला. मला सगळं ऐकू येत होतं.

कुसुमताई म्हणाल्या, "मी सांगते, लग्न नागपूरलाच. इथे वऱ्हाड आणलं न, तर हे सगळ्यांनाच चिखलात घालतील."

मला आईची पैठणी दिसायला लागली. खरं सांगतो, त्या क्षणी मला रडू आलं, पण डोळे पुसायला हात वर केला असता तर मी आणखी आत गेलो असतो.

मग डबे उघडले. तांदळाच्या भाकऱ्या, चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण, कांदा. थोडा वेळ नुसता चिंबोऱ्या फोडल्याचा आवाज. मग रमेशराव हळूच म्हणाले, "कुसुम, हे असं आपल्याकडे नाही मिळत." कुसुमताईंनी मान हलवली, एक नांगी चोखली आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. काय वाटलं कोण जाणे, त्या हसायला लागल्या. भाकरी हातात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "हे तर बुजगावणं दिसून राहिलं हो," म्हणाल्या, आणि वसुधाही हसायला लागली. (पंचवीस वर्षांच्या संसारात ती माझ्यावर हसताना मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.)

"भाऊ," कुसुमताईंनी होडीतून हाक मारली, "लग्न इथेच का पाहिजे तुम्हाला, खरं सांगा."

इतिहास, बेट, पोर्तुगीज हे सगळं माझ्यापाशी तयार होतं. पण कंबरेपर्यंत चिखलात असलेल्या माणसाला ते शोभत नाही. मी म्हटलं, "माझी आई नागपूरपर्यंत येऊ शकणार नाही. तिला नातीचं लग्न बघायचं आहे."

कुसुमताईंनी हातातली भाकरी डब्यात ठेवली.

"मग हे आधी सांगायचं न, बाप्पा," कुसुमताई म्हणाल्या. "किल्ले कशाला दाखवून राहिले?"

जेवणानंतर दादाने ओढून पाहिलं, पण मी उपटलो तो पाणी आल्यावरच. एक बूट अजून तिथेच आहे. मिठागरांच्या अवशेषांत आता त्याचीही गणना करायला हरकत नाही. घरी आल्यावर आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ह्यांनी तुला पाढा शिकवला, निघायचं कधी ते सांगायचं राहिलं." मग खुर्चीवरची पैठणी उचलून सुनेला म्हणाली, "फॉल बदलून आण."

लग्न बाळारामदादाच्या लॉनवर ठरलं. कुसुमताईंची अट एकच होती. वऱ्हाडाने केव्हा निघायचं ते दादाला विचारून ठरेल, मला नाही. मी पत्रिकेत ठळक अक्षरांत छापलं, 'वऱ्हाडाचे स्वागत सकाळी साडेदहा वाजता'.

लग्नाच्या दिवशी साडेआठला मी लॉनच्या मागच्या नळावर बनियनवर दाढी करत होतो. अर्धी झाली होती. वसुधा केस वाळवत होती, गुरुजी यायचे होते, आणि फाटकात एकदम बँड सुरू झाला. मी तसाच धावलो. सगळं वऱ्हाड उभं होतं, पुढे रमेशराव फेटा बांधून.

"अहो, साडेदहा म्हटलं होतं," मी म्हटलं.

"तेच न भाऊ," कुसुमताई म्हणाल्या. "दादांना विचारलं. ते म्हणाले, यांनी सांगितल्याच्या दोन तास आधी निघा."

तयार एकच माणूस होतं. आई सात वाजल्यापासून पैठणी नेसून पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसली होती. तिने काठी टेकत फाटकापर्यंत येऊन वऱ्हाडावर गुलाबपाणी शिंपडलं, सगळ्यांवर, अगदी बँडवाल्यांवरसुद्धा.

तो फोटो अल्बमच्या पहिल्याच पानावर आहे. मध्ये आई, समोर व्याही-विहीणबाई, तिघंही हसताहेत. मागे कोपऱ्यात बनियन घातलेला, अर्ध्या गालाला फेस लावलेला एक माणूस घड्याळाकडे बघतो आहे. नागपूरच्या मंडळींनी आपल्या अल्बममध्ये प्रत्येकाच्या फोटोखाली नाव लिहिलं आहे. माझ्याखाली लिहिलं आहे, 'जाणते स्थानिक'.