फाईलची गाठ

बदनापूर स्टेशनासमोर एका गृहस्थांचे झेरॉक्सचे दुकान आहे. गिऱ्हाईक कितीही "जल्दी करा" म्हणो, कुणाचाही अर्ज ते आधी पूर्ण वाचतात, मगच यंत्रावर ठेवतात.

पूर्वी एकदा आमच्या शाळेत लिपिकाच्या जागेसाठी ते मुलाखतीला आले होते. दुसऱ्याच कुणाचे नाव आधीच ठरले होते. समितीत मीही होतो आणि गप्प होतो. न उघडलेली फाईल परत घेताना ते म्हणाले, "घ्यायचं न्हाई तर नका घेऊ, सर. पर गाठ तरी सोडायची."

काल मी मुलीचा नोकरीचा अर्ज नेला. त्यांनी गाठ सोडली, एकेक कागद वाचला. अर्जावर तिची सही राहिली होती. ते त्यांनीच दाखवून दिले. मग फाईल पुन्हा बांधून माझ्या हाती दिली.

"सैल बांधली, सर. सोडायचा तरास नको कुणाला."