दाराकडे पाठ केलेलं स्टूल

शिरूरच्या स्टँडवर वरवंडचा सोपान भेटला. शाळेतला माझा सोबती, आता गुळाचा व्यापार करतो. म्हणाला, “दस्तगीरमामा गेलं. मंगळवारी माती झाली.” मी ‘बरं’ म्हणालो आणि चहा घेणार का, असं विचारलं. बशीत ओतून, फुंकून चहा प्यालो, यंदा ऊस कसा आहे याची चौकशी केली. घरी जाऊन मुलांच्या वह्याही तपासल्या. याला दोन महिने होत आले. रडू तेव्हा आलं नाही, अजूनही येत नाही. आत काहीतरी बधिर झालंय, एवढंच कळतं...

मामा दौंडचे. तरुणपणी कोकणपट्टीवर शिडाच्या गलबतांवर खलाशी होते. पुढं गावी परतून रेल्वेत लागले, पण शीड काही डोक्यातून उतरलं नाही. मी दौंडला मामांच्या शेजारी, मावशीकडे राहून शिकत होतो, तेव्हा स्वराज्य येऊन पाच-सात वर्षं झाली असतील. मामांनी भीमेच्या तरीवरची, माणसं पैलतीरी नेणारी, एक निकामी नाव मागून आणली, तिला डांबर फासलं, डोलकाठी उभी केली. मांजरपाटाचं शीड मामींनी हातानं शिवलं. दिवाळीच्या सुट्टीत मामा आम्हा सात पोरांना घेऊन निघायचे. त्या दिवसांत वारा पूर्वेचा असतो, म्हणून जाताना शिडावर नदी चढायची, कोरेगाव भीमाच्या दिशेनं जमेल तितकं, आणि येताना पाण्याबरोबर उतरायचं. पाणी उथळ झालं की सगळ्यांनी उतरून नाव ढकलायची. भांडणं व्हायची, अबोलेही धरले जायचे. पण एकानं सुकाणू आणि दुसऱ्यानं शिडाचा दोर सांभाळल्याशिवाय नाव हलत नसे, त्यामुळे अबोला दुपारपर्यंतसुद्धा टिकायचा नाही.

मामांची एक रीत होती. नावेत ते कायम उलटे बसायचे, पाठ पुढच्या पाण्याकडे. शिडामुळे सुकाणूवाल्याला पुढचं दिसत नसे, म्हणून टोकाला एकानं बसून दिसेल ते ओरडून सांगायचं. मामा मात्र मान वळवायचे नाहीत. “म्या फुडं बघितलं,” ते म्हणायचे, “तर तुमी पाणी सोडून माझं त्वांड बघत बसशिला.” घरीही त्यांचं पाठीला फळी ठोकलेलं स्टूल तसंच, दाराकडे पाठ केलेलं. येणाऱ्यानं उंबऱ्यातूनच आपण कोण ते सांगायचं आणि वाटेत काय पाहिलं तेही. मामी याला खूळ म्हणायच्या.

एका वर्षी टोकाला मी होतो. पुढं पाण्यात काळसर काहीतरी दिसलं. वाटलं, ढगाची सावली असेल; ओरडलो आणि नुसती सावली निघाली तर सगळे हसतील. मी गप्प राहिलो. तो जुन्या बांधाचा दगड होता. फळी तडकली, सोपान आपटला आणि त्याचा हात मोडला. कशीबशी नाव काठाला लावली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मामांनी सोपानच्या हाताला काठ्या बांधून त्याला वाटेवरच्या बैलगाडीतून दवाखान्यात धाडलं, फटीत चिंध्या आणि डांबर कोंबलं आणि मला म्हणाले, “चल, टोकाला बस.”

“मला न्हाई जमायचं, मामा.”

“तू चुकीचं वरडलास तर आपुन हसू. गप बसलास तर बुडू. काय पायजेल त्ये सांग.”

त्या दिवशी मी दिसेल त्याला ओरडत सुटलो. बहुतेक सावल्याच होत्या. दर वेळी पोरांनी शीड पाडलं, पुन्हा चढवलं, आणि हसलं कुणीच नाही. शेवटी एक दगड खरा निघाला, तेव्हा नाव त्याच्या हातभर अंतरावरून गेली. आज चाळीस मुलांच्या वर्गात मी उभा राहू शकतो, तो त्या टोकावर बसल्यामुळे.

आणि तरीही... गेल्या भेटीत मामांचे पाय सुजलेले होते. एका वाक्यात दोनदा दम घेत होते. मामी म्हणाल्या, वाताचा त्रास आहे. मामा हसत होते. दवाखान्यात चला, हे शब्द ओठांवर आले होते. पण वाटलं, मी मास्तर, मला त्यातलं काय कळतं, उगाच हसं व्हायचं. चारची एस.टी. होती. मी उठलो. नंतर आठ दिवसांत ते गेले.

परवा दौंडला गेलो. स्टूल तिथंच होतं, दाराकडे पाठ करून. मी उंबऱ्यात उभा राहिलो आणि सवयीनं आधी नाव सांगायला गेलो, पण स्टुलावर कुणी नव्हतं. आतून मामींचा आवाज आला, “कोन हाय दारात? बोला की.”

“मी वसंता, मामी. शिरूरचा.” मग स्टुलाकडे बघतच म्हणालो, “मागल्या टायमाला मामांचं पाय सुजल्यालं दिसलं व्हतं मला. मी बोललो न्हाई.”

मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या.

“मला बी दिसलं व्हतं,” त्या म्हणाल्या. “त्ये हसत व्हतं, म्हनून म्या बी गप ऱ्हायले.”

मग त्या चहा टाकायला आत गेल्या. मी वळसा घालून स्टुलापुढं जमिनीवर बसलो, नेहमी बसायचो तसा. स्टूल सरळ करावं, असं दोघांनाही वाटलं नाही.