पेण डेपोतून माझी बदली

बदली झालेल्या माणसाला गप्पांसाठी विषय शोधावा लागत नाही. माझी ऑर्डर जेमतेम एका पानाची होती, किस्से मात्र अजून संपत नाहीत!

पेणच्या डेपोत मी नऊ वर्षं डिस्पॅच सांभाळला. आमच्याच कंपनीच्या रोह्याच्या फॅक्टरीत प्लॅनिंगची जागा निघाली आणि ती मला हवी होती. अडचण एकच. पाटीलसाहेबांनी मला काम शिकवलं होतं, आणि अर्जावर शिफारस त्यांचीच लागणार होती. ते दुखावले असते, तर ती जागा मिळूनही मला गोड लागली नसती.

* * *

अर्जाआधी साहेबांना स्वतः सांगायचं ठरवलं, पण तीन दिवस धीर होईना. तेवढ्यात चहावाल्या बबनला फक्त विचारलं, "रोह्याची गाडी सकाळी किती वाजता रे?"

चौथ्या दिवशी केबिनमध्ये गेले. साहेब म्हणाले, "बस. बबनने सोमवारीच सांगितलंय!"

शिफारशीच्या फॉर्मवर काहीतरी लिहून त्यांनी पाकीट बंद केलं. चेहऱ्यावरून काही कळेना.

* * *

माझ्या जागी येणाऱ्या मुलीसाठी मी हॅण्डओव्हरची वही लिहिली. त्यात एक ओळ होती: 'जिते गावचे नामदेवकाका ड्रायव्हर चिडले की आधी चहा द्यावा.' वही टेबलावर राहिली आणि नेमकी काकांनीच वाचली!

मी शरमेने अर्धी झाले. काका म्हणाले, "बाकी बरोबर हाय. बिनसाखरेचा लिव्हा, शुगर हाय मला."

* * *

शनिवारी सेंड-ऑफ झाला. नारळ, शाल, वेफर्स, भाषणं. साहेब एवढंच बोलले, "वेळेवर निघत जा. वाटेत वडखळला ट्रॅफिक असतो." मला वाईट वाटलं. नऊ वर्षांनंतर ट्रॅफिक?

त्यातून ती नवी मुलगी रुजू झालीच नाही. म्हणून मी सोमवारी पुन्हा पेणलाच हजर! गेटवरचे वॉचमन म्हणाले, "म्याडम, शाल परत द्यायला आल्या व्हय?"

असे आणखी बारा दिवस गेले.

* * *

रोह्यात पहिल्या दिवशी मी प्रत्येक गोष्टीला "आमच्या पेणला असं करायचो" म्हणत होते. दुपारपर्यंत स्टोअरच्या घरतभाऊंनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, हितं पण गोदामाला दार हाय, भिंती हायत. एकदा बघा तरी!"

त्यानंतर मी महिनाभर पेणचं नाव काढलं नाही.

* * *

मग एकदा जोशीमॅडमनी, म्हणजे माझ्या नव्या साहेबांनी, बोलावलं. माझी फाइल समोर उघडी होती. "पाटलांनी हे काय लिहिलंय, तुम्हीच वाचा."

फॉर्मवर छापील प्रश्न होता: 'या कर्मचाऱ्याच्या बदलीने विभागाच्या कामात अडचण येईल का?'

साहेबांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'हो. फार येईल.'

खाली रकाना होता: 'शिफारस.'

'ताबडतोब पाठवावे.'