तिसऱ्या हाकेपर्यंत

सहा नोव्हेंबर. शाळेतून आल्यावर मी ओसरीत बसून तांदूळ निवडत होते. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावाने घालायच्या जेवणाचा तांदूळ. जिच्या नावाने जेवण घालायचे होते ती माझी चुलत बहीण जिवंत होती आणि त्याच सकाळी अमेरिकेत निवडून आल्याची बातमी आली होती. हे तिच्या आईला, म्हणजे माझ्या मोठीमायला, मी शाळेत जाण्याआधी दोनदा आणि आल्यावर दोनदा सांगितले. तिने चारही वेळा ऐकून घेतले आणि विचारले, तांदूळ किती झाला. रविवारचा दिवस तिने ठरवून टाकला होता.

मोठीमाय ऐंशीच्या पुढची. डोळ्यांना उजेड आणि अंधार एवढेच कळते. माणूस ती आवाजावरून ओळखते.

बहीण हैदराबादला नर्सिंग शिकली आणि तिथून अमेरिकेला गेली. बरीच वर्षे दवाखान्यात रात्रपाळ्या केल्या. पाळीत नर्सना जेवायला वेळ मिळत नाही म्हणून भांडायला उभी राहिली, ती पुढे उभीच राहिली. आधी तिथल्या शाळामंडळावर, मग त्यांच्या राज्याच्या विधानसभेत दोनदा आणि आता देशाच्या सभागृहात. आमच्या गुडीहत्नूरच्या चौकात लोकांनी आपला हिशोब लावला होता: आधी जिल्हा परिषद, मग आमदार, आता खासदार.

इतकी वर्षे दर रविवारी तिचा फोन यायचा. प्रचाराच्या धांदलीत सप्टेंबरपासून तो थांबला. ऑक्टोबरात दुसराच फोन सुरू झाला.

तिच्या ऑफिसातल्या कुणी तरी तिचा आवाज मशीनला दिला होता आणि तिथल्या मतदारांसाठी चार-पाच भाषांत निरोप करून घेतले होते. नंबरांच्या यादीत मोठीमायचा नंबरही गेला. हे मला मागाहून कळले. तेव्हा एवढेच दिसे की रोज दिवेलागणीला फळीवरचा बटनाचा फोन वाजतो आणि मोठीमाय तो कानाला लावून गप्प बसते.

एकदा मीही ऐकला. "नमस्कार. मी तुमच्याच घरची लेक बोलते आहे." आवाज बहिणीचाच होता, नाकात किंचित अडकणारा. पण मराठी मात्र बातम्या वाचणाऱ्या बाईसारखी. आणि मिनिटभर बोलून तिने एकदाही श्वास घेतला नाही. मी मुलांना वाचन शिकवते. कुठे दम घ्यावाच लागतो ते मला ठाऊक आहे. मी फोन ठेवला आणि कारण नसताना घरातले सगळे दिवे लावले.

मोठीमाय म्हणाली, "गळा तिचाच हाय. पण जित्तं माणूस दम घेते, पोरी."

आमच्या घरात भूतखेत मानत नाहीत. भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे, सकाळी पंचशील म्हटले जाते. तरी जुनी सवय आहे: कातरवेळी बाहेरून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसरी हाक जिवंत माणूसच मारतो. हा फोन एकदाच बोलायचा आणि बंद व्हायचा. महिनाभर असे झाल्यावर मोठीमायने ठरवले की लेक गेली आणि आम्ही लपवतो आहोत.

त्यात त्या दिवशी दुपारपर्यंत चौकात बहिणीच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. मी कौतुकाने सांगितले, तर तिने विचारले, "फोटोले हार हाय का?"

हार होता. छापणाऱ्याने फोटोभोवती झेंडूचा जाडजूड हार काढला होता. मी खोटे बोलत नाही. हाय, म्हटले. तिने मान हलवली आणि मी तांदळाकडे वळले.

निवडता निवडता मी बहिणीला लिहून टाकले: तुझी आई रविवारी तुझे पुण्यानुमोदन करते आहे, पाच मिनिटे काढ. तिच्याकडे सकाळ होती. सातच्या आत माझ्या फोनवर ती दिसली, डोळे सुजलेले, मागे माणसांची ये-जा. मी फोन मोठीमायच्या तोंडासमोर धरला.

"माय."

मोठीमाय बोलेना. मी कोपराने ढोसले, तर तिने माझे मनगट घट्ट धरले.

"माय?"

बहिणीने माझ्याकडे पाहिले. मी काही सुचवले नाही. सुचवले असते तर म्हातारीने ऐकले असते आणि रविवार टळला नसता. तिकडे कुणी तरी इंग्रजीत काही विचारले, बहिणीने हात वर करून त्याला थांबवले. मग तिने दम घेतला. तो आम्हा दोघींना ऐकू आला.

"माय व, तिसरी हाक हाय ही. आता तं ओ दे."

"ओ," मोठीमाय म्हणाली. माझे मनगट सुटले. "लय दम लागून राह्यला तुले."

"झोपली नाई, माय."

तेवढ्यात फळीवरचा फोन वाजला. मी बंद करायला उठले, मोठीमाय म्हणाली, उचल. मी उचलून स्पीकर लावला. "नमस्कार. मी तुमच्याच घरची लेक बोलते आहे. तुम्ही दाखवलेल्या विश्वासाबद्दल..." निवडणूक संपली होती, आता आभार होते.

स्क्रीनवर बहीण तोंड अर्धवट उघडे ठेवून ऐकत होती. "हे कोण बोलून राह्यलं?"

"तूच," मी म्हटले.

तिने इंग्रजीतले एक पान वाचून दिले होते. मराठीतले कधी ऐकलेच नव्हते. आजच बंद करायला लावते म्हणाली, पण माझ्याकडे न बघता, फळीच्या दिशेने बघत.

आभार संपले. फोन मात्र लगेच कटला नाही. मोठीमाय फळीकडे वाकली आणि तिने विचारले, "जेवली का व?"

मग फोन बंद झाला.

रविवारचे जेवण रद्द झाले. मी तांदूळ आवरायला घेतला, तर मोठीमाय म्हणाली, वाटीभर बाजूला ठेव.

"काऊन?"

"त्या फोनातल्या लेकीले कोणी जेव म्हणलं नसन."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आवाज ज्या नंबरावरून यायचा तो मी बटनाच्या फोनमध्ये बंद केला आणि तांदूळ डब्यात परत ओतला. बाजूला ठेवलेला वाटीभर शिजवला. शाळेला उशीर होत होता, वाद घालायला वेळ नव्हता. जाताना भाताचे पान दारातल्या कडुनिंबाखाली ठेवले.